बर्फ असल्यास, बर्फ नसल्यास

माझ्या स्नोमोबिलबरोबर वॉरंटीची एक पुस्तिका आली आहे. कंपनी कशाकशाला जबाबदार नाही, याची तीत यादी आहे. त्यातलं एक कलम सांगतं की इंजिनात बर्फ किंवा पाणी शिरून बिघाड झाला तर वॉरंटी लागू नाही. दुसरं सांगतं की बर्फ सोडून अन्य कशावर मशिन चालवल्यामुळे बिघाड झाला तरी वॉरंटी लागू नाही. मला दोन्ही कलमं मान्य आहेत. कंपनीने बर्फावर चालणारं वाहन तयार केलं आहे. आता बर्फ असल्याचे आणि बर्फ नसल्याचे परिणामही तिनेच सोसायचे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

ही तक्रार नव्हे. मी मिनेसोटात राहतो आणि इथे तक्रार करायची रीत नाही. उणे तीसमध्ये ज्याची गाडी बंद पडली आहे तो माणूससुद्धा ‘वारा नाही हे नशीब’ म्हणतो आणि मदतीला थांबलेल्याची माफी मागतो. सबब मी फक्त काही बाबी नोंदवून ठेवतो. पुढेमागे कोणावर इंजिन उघडायची वेळ आली, तर कंपनीची वॉरंटी धरून बसावं की बाहेरचे पार्ट टाकून मोकळं व्हावं, हे ठरवायला त्यांचा उपयोग होईल. मला झालेला नाही.

ज्यांनी हे वाहन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅक, मधे इंजिन आणि इंजिनामागे हप्ते भरणारा माणूस, अशी त्याची रचना असते. नवं, जरा बऱ्यापैकी मशिन पंधरा हजार डॉलरच्या पुढे जातं. मिनेसोटात त्यासाठी सुमारे 22,000 मैलांचे मार्ग आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची निगा गावोगावच्या क्लबांचे स्वयंसेवक राखतात. 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्या माणसाला ते चालवण्याआधी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. माझा जन्म त्याआधीचा, कोल्हापूरचा. त्यामुळे बर्फावर वाहन चालवण्याची पात्रता माझ्यात उपजतच आहे, असं राज्य सरकार धरून चालतं.

स्नोमोबिल हा इथे अस्मितेचा विषय आहे. राज्याच्या उत्तर टोकाला रोझो नावाच्या गावात 1954 साली एडगर हेटीन, त्यांचे भाऊ ॲलन आणि डेव्हिड जॉन्सन यांनी पोलारिस ही कंपनी काढली. मशिन किती दणकट आहे हे जगाला दाखवायला हेटीन 1960 मध्ये ते घेऊन अलास्कात 1,200 मैल फिरून आले. कंपनीतल्या काही मंडळींना हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटला. हेटीन बाहेर पडले आणि तास-सव्वा तासाच्या अंतरावर, थीफ रिव्हर फॉल्समध्ये, त्यांनी दुसरी कंपनी काढली. तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे एकमेकांच्या दारात पाऊल न टाकणारी दोन घराणी एकाच गृहस्थाने उभी केली. क्वेबेकहून 1959 पासून येणारं पिवळं स्की-डू हे तिसरं घराणं. आर्क्टिक कॅटची मूळ कंपनी 1981 मध्ये दिवाळखोरीत गेली, मग पुन्हा उभी राहिली, 2017 मध्ये टेक्स्ट्रॉनकडे गेली आणि 2025 मध्ये तिचे मालक परत बदलले. मशिनची वॉरंटी कंपनी देते. कंपनीची कोण देतं, ते पुस्तिकेत नाही.

स्नोमोबिलची बरीच इंजिनं आजही टू-स्ट्रोक आहेत. टू-स्ट्रोक माझ्या पिढीला परकं नाही. स्कूटर सुरू झाली नाही की ती आडवी करायची, प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि किक मारत बसायचं, एवढं इंजिनिअरिंग आम्हाला दहावीच्या आत येत होतं. स्नोमोबिलचं वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास असतं. तीही आडवी होते, पण आपण ठरवून नाही.

हे इंजिन बंद कसं पडतं, यावर इथल्या हॉटेलांत ब्रेकफास्टपासून बार बंद होईपर्यंत चर्चा चालते. मला समजलं ते असं. इंजिन थंड राहावं म्हणून त्यातला कूलंट सीटखालच्या बोगद्यातून फिरवून आणतात. ट्रॅकने उडवलेला बर्फ त्या बोगद्याला आतून लागतो आणि कूलंट निवतो. म्हणजे मऊ बर्फ असेल तरच. तळ्यावरचा कडक बर्फ किंवा गोठून घट्ट झालेली ट्रेल असेल तर काही उडत नाही, आणि बाहेर उणे वीस असताना इंजिन तापून बंद पडतं. यावर उपाय म्हणून ट्रॅकच्या पुढे तारेचे आकडे लावतात. ते बर्फ खरवडून त्याचा भुगा उडवतात. आसमंत सगळा बर्फाने भरलेला असताना थोडा बर्फ मिळावा म्हणून ही सोय आहे.

इंजिन फार गरम झालं तर जातं, तसंच फार थंड असतानाही जातं. सकाळी मशिन सुरू करून लगेच पिळलं की अल्युमिनियमचा पिस्टन काही सेकंदांत तापून फुगतो. सिलिंडरभोवती कूलंट मात्र रात्रभर गारठलेला, त्यामुळे सिलिंडर आहे तेवढाच राहतो. मग पिस्टन त्यात चिकटतो. पेट्रोलचीही एक गोष्ट आहे. मिनेसोटात गाड्यांच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल घालणं कायद्याने सक्तीचं आहे आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून बऱ्याच पंपांवर 91 ऑक्टेनची, इथेनॉल नसलेली एक वेगळी नळी असते. हे पेट्रोल जुन्या संग्राह्य मोटारी, होड्या, स्नोमोबिल आणि छोटी इंजिनं यांच्यासाठीच आहे, अशी पाटी तिच्यावर लावलेली असते. संग्राह्य वस्तू आणि तरंगणाऱ्या वस्तू यांच्या पाठोपाठ आपल्या वाहनाचं नाव वाचताना जो बोध व्हायचा तो विकत घेण्याआधीच व्हायला हवा, पण पाटी पंपावर असते, शोरूममध्ये नाही.

एवढं सगळं सांभाळूनही इंजिन बंद पडायला आडकाठी नसते. माझं टॅकोनाइट ट्रेलवर पडलं. ही ट्रेल ग्रँड रॅपिड्सपासून इलीपर्यंत 165 मैल जंगलातून जाते आणि मोबाईलची रेंज तिच्यासोबत सगळीकडे जात नाही. आवाज खाली आला, मशिन आपोआप मंदावलं आणि थांबलं. दोरी खेचली, ती हललीच नाही. दुसऱ्या मशिनने ओढून न्यायचं तर आधी बंद मशिनचा ड्राइव्ह बेल्ट काढावा लागतो. जाड हातमोजे घालून तो निघत नाही आणि हातमोजे काढले तर बोटं चालत नाहीत. बेल्ट निघाला, दोरी बांधली. ओढायला थांबलेला माणूस प्रतिस्पर्धी रंगाच्या मशिनवर होता. त्याने वाटेत एक अक्षरही काढलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

बेल्ट, प्लग, स्कीखालच्या पट्ट्या या गोष्टी झिजणाऱ्या असल्याने वॉरंटीत येत नाहीत. पिस्टन येतो. म्हणून डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर मी ताठ मानेने उभा होतो. त्यांनी प्रथम मशिनला लॅपटॉप जोडला. इंजिन किती तास चाललं, कमाल किती फेरे घेतले, कधी तापलं, हे सगळं त्याच्या डोक्यात साठवलेलं असतं. घरात मी किती वाजता आलो हे एवढ्या तपशिलाने कोणी लिहून ठेवलेलं नाही. मग मेकॅनिकने सिलिंडर उघडून पिस्टन काउंटरवर ठेवला. तळहातावर मावेल एवढा. एका बाजूला धातू पातळ होऊन खालपर्यंत फासल्यासारखा झालेला, रिंग खोबणीतच बसलेली. नख घातलं तरी हलेना. माथ्यावरची काजळी मात्र छान तपकिरी होती. हात पाहणारा ज्योतिषी रेषा पाहतो तसं त्याने ते विजेरीखाली फिरवून फिरवून पाहिलं. भूतकाळ अचूक सांगितला. भविष्याबद्दल मात्र कंपनीला विचारावं लागेल म्हणाला.

भूतकाळ असा होता. ओरखडे पिस्टनच्या चारही कोपऱ्यांवर असते तर थंड इंजिन ताणलं असं सिद्ध झालं असतं, म्हणजे चूक माझी. ते एकाच बाजूला होते, म्हणजे चूक माझी आहे हे अजून सिद्ध व्हायचं होतं.

“तेल पोहोचलेलं दिसत नाही,” तो म्हणाला.

“पंप बिघडलाय का?”

“पंप उत्तम आहे.”

“मग तेल का नाही पोहोचलं?”

“तेच विचारलंय मी कंपनीला,” असं म्हणून त्याने पिस्टनचे फोटो काढले.

कंपनीने उलट विचारलं की तेल कोणतं वापरलं आणि पावत्या आहेत का. पावत्या होत्या. डब्यावर कंपनीचं नाव नव्हतं, पण तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच होतं. इथे मला कायद्याचा आधार आहे. अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे. आमचंच तेल आणि आमचेच पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी संपली, अशी अट त्यानुसार घालता येत नाही. घालायची तर ते तेल फुकट द्यावं लागतं, किंवा सरकारची खास परवानगी आणावी लागते. बाहेरच्या पार्टमुळेच बिघाड झाला असेल तर मात्र कंपनी हात वर करू शकते. 2022 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसनवर याच कायद्याखाली कारवाई केली होती. बाहेरचे पार्ट लावले तर वॉरंटी जाईल असा ग्राहकांचा समज करून दिला जातो, असा आरोप होता. थोडक्यात, कायदा पूर्णपणे माझ्या बाजूने आहे. फक्त तो वॉशिंग्टनमध्ये बसतो आणि काउंटरवर दुसराच कोणी बसतो.

उत्तर येईपर्यंतच्या काळात सल्ले आले. पहिला कोल्हापूरहून. माझ्या मेहुण्याचं उद्यमनगरात मशिन शॉप आहे.

“दाजी, सिलिंडर काढा आणि पाठवून द्या हिकडं. बोअर मारून, स्लीव्ह घालून देतो. हाय काय त्यात?”

मी त्याला सांगितलं की या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो, साधा बोअर मारता येत नाही. लेप उतरवून पुन्हा चढवावा लागतो, आणि ते काम करणारी दुकानं वेगळी असतात.

“लेप कशाला लावत्यात?”

“झिजू नये म्हणून.”

“मग झिजलं कसं?”

मी आवाज नीट येत नाही म्हणालो.

दुसरा सल्ला शेजाऱ्याचा. तो म्हणाला, टू-स्ट्रोकच्या नादाला लागू नये, सरळ यामाहाचं फोर-स्ट्रोक घ्यावं, ते कधी बंद पडत नाही. सल्ला रास्त होता. इंजिन बंद न पडण्याबद्दल या धंद्यात ज्यांची ख्याती होती त्या यामाहाने 2023 मध्ये जाहीर केलं की 2025 च्या मॉडेलनंतर ते स्नोमोबिलच बंद करत आहेत.

तिसरा सल्ला बाहेरच्या पार्टवाल्यांचा. ही एक समांतर दुनिया आहे. सप्टेंबरात, बर्फ पडायला अजून अवकाश असताना, नॉर्थ ब्रँच गावी ‘हे डेज’ भरतात. तिथे स्नोमोबिलच्या गवतावर शर्यती होतात आणि शेजारच्या मैदानात सुट्या भागांचा बाजार असतो. बर्फ सोडून अन्य कशावर मशिन चालवू नये हे कलम तिथे हजारो लोकांसमक्ष, तिकीट लावून मोडलं जातं. या बाजारात प्रत्येक इंजिनाच्या प्रत्येक व्यंगावर औषध मिळतं. जास्त तेल सोडणारी किट, बेल्टचं तापमान दाखवणारे काटे, बांधून तयार क्रँक, मोठ्या बोअरचे सिलिंडर, टर्बो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवं शिकवून देणारी मंडळी. कंपनीने हे असंच का केलं नाही, असं विचारलं की विक्रेता खांदे उडवतो आणि ‘पैसा’ म्हणतो. मग स्वतःची किंमत सांगतो.

मला फोर्ज्ड पिस्टन सुचवले गेले. कंपनीचे पिस्टन ओतीव असतात, हे घडीव, म्हणजे अधिक मजबूत. पण ते तापल्यावर अधिक फुगतात. अधिक फुगतात म्हणून सिलिंडरमध्ये अधिक मोकळीक ठेवावी लागते. अधिक मोकळीक असल्याने थंड असताना ते खडखडतात, आणि म्हणून मशिन सुरू करून अधिक वेळ गरम होऊ द्यावं लागतं. इंजिन थंडीत चिकटू नये म्हणून जो पिस्टन घ्यायचा, तो घेतल्यावर थंडीत जास्त वेळ थांबायचं, असा हा व्यवहार आहे. त्यांच्याकडेही वॉरंटी असते. ती फक्त पिस्टनची. तो बसवण्याच्या मजुरीची नाही, आणि शर्यतीसाठी म्हणून विकलेल्या मालाची मुळीच नाही. काही माल फक्त शर्यतीसाठीच आहे असं पावतीवर छापलेलं असतं. तो घेणारा माणूस मुलांना मागे बसवून तळ्यापर्यंत जाऊन येतो.

काम करणारा कारागीर विस्कॉन्सिनमध्ये होता. दोन्ही सिलिंडर, दोन्ही पिस्टन, सगळी गॅस्केटं, असं आठवड्यात करून देतो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आत्मविश्वास होता आणि फोनमागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता. पुन्हा फोन केला तेव्हा तो उचलला गेला नाही. तळ्यांवरचा बर्फ त्या आठवड्यात चांगला जाड झाला होता आणि तो मासेमारीला गेला होता, असं नंतर कळलं. ज्या हवेत माझं मशिन हवं होतं, त्याच हवेत त्याला सुट्टी हवी होती. त्यात त्याचं काय चुकलं?

दरम्यान कंपनीने दावा मंजूर केला. एका सिलिंडरपुरता. दुसरा पिस्टनही तितकेच तास चालला आहे, त्यालाही तेल तेवढंच मिळालं आहे, मग उघडलंच आहे तर तोही बदला, असं मी सुचवलं. तो बिघडलेला नाही, असं उत्तर आलं. तो बिघडल्यावर या, असा त्याचा अर्थ. मग मी विचारलं की एका बाजूला कंपनीचा नवा आणि दुसऱ्या बाजूला माझ्या खर्चाने बाहेरचा, असं करता येईल का. मेकॅनिक पहिल्यांदाच हसला. दोन पिस्टनचं वजन वेगळं, क्रँकचा तोल जाईल, आणि पुढे काही झालं तर कोणाचा दोष हे सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. तिन्ही कारणांपैकी कंपनीला कोणतं महत्त्वाचं वाटेल ते मी विचारलं नाही.

मंजूर झालेला पिस्टन मात्र कंपनीच्या गोदामात नव्हता. मागणी नोंदवली होती. या काळात इतर अनेकांचेही तेच पिस्टन गेले असल्यामुळे तुटवडा आहे, असं काउंटरवरून मोठ्या मनाने सांगण्यात आलं. मी एकटा नाही या विचाराने मला धीर यावा, अशी त्यामागची भावना असणार.

तेव्हा हिशेब असा मांडता येतो. वॉरंटीत पैसे वाचतात आणि हिवाळा जातो. बाहेरच्या कामात हिवाळा वाचतो आणि वॉरंटी जाते. कायद्याने जात नाही, पण पुढच्या वेळी काउंटरवर पिस्टन आणि वकील दोन्ही घेऊन जावं लागतं. आणि हिवाळा म्हणजे तरी किती? मिनेसोटातल्या ट्रेल सरकारी कागदावर 1 डिसेंबर ते 1 एप्रिल खुल्या असतात. बर्फावर हा कागद बंधनकारक नाही. 2023-24 चा हिवाळा राज्यात नोंदलेला सर्वांत उबदार ठरला आणि कित्येक ट्रेल धड उघडल्याच नाहीत. त्या वर्षी ज्यांची इंजिनं गेली नाहीत, ती केवळ सुरूच झाली नव्हती म्हणून.

वॉरंटी मात्र बर्फ पाहत नाही, कॅलेंडर पाहते. तिचे बारा महिने मशिन ताब्यात घेतल्या दिवसापासून मोजतात. त्यांतले आठ महिने मशिन गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभं असतं आणि उंदीर त्याच्या एअरबॉक्समध्ये संसार थाटतात. अधिक वर्षांची वॉरंटीही मिळते, पण त्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ वितळत असताना, पुढच्या हंगामाचं मशिन आगाऊ पैसे भरून, न पाहता नोंदवावं लागतं. मी शोरूममध्ये उभं असलेलं मशिन हात लावून, बसून पाहून, नोव्हेंबरच्या सुरुवातीला घेतलं. खात्री करून घेणाऱ्याला एक वर्ष, विश्वासाने घेणाऱ्याला जास्त, असा नियम आहे.

नुकसानभरपाईत काय मिळणार नाही, याचीही पुस्तिकेत सविस्तर यादी आहे. मशिन ओढून आणण्याचा खर्च, ते ठेवण्याचा खर्च, टेलिफोन, टॅक्सी, कर्जाचे हप्ते, बुडालेलं उत्पन्न, वाया गेलेला वेळ आणि गैरसोय. गैरसोयीचा स्वतंत्र उल्लेख आहे. हा मजकूर लिहिणाऱ्या माणसाने कधीतरी स्नोमोबिल विकत घेतलेली असावी, त्याशिवाय क्रम इतका बरोबर लागत नाही.

मशिन एप्रिलमध्ये दुरुस्त होऊन मिळालं. काम चोख झालं आहे. सुरू केलं तेव्हा गॅरेजबाहेरचं गटार वाहत होतं आणि शेजारी गवत कापायच्या मशिनमध्ये तेल घालत होता. पावतीवर सही घेताना काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की बदललेल्या भागाला नवी वॉरंटी मिळत नाही, मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू होते. म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत. तोवर बर्फात चालवताना पिस्टनला काही झालं, तर कंपनी तो विनामूल्य बदलून देईल.